मिटवणाऱ्याचे नाव

रामलालचा वस्तरा माझ्या गळ्याच्या घाटीवर होता आणि नेमका तेव्हाच टीव्हीवरचा दूरदेशीचा तो पुढारी म्हणाला, की लढाई मी थांबवली. एक फोन इकडे केला, एक तिकडे केला, आणि थांबली. असं म्हणून हसला. त्याच्या मागे उभे असलेले लोकही हसले. ते दोन देश कोणते आणि पुढारी कोणता हे मी इथे लिहीत नाही. नावं लिहिली की वाचणारा आधी बाजू घेतो आणि मग वाचायला बसतो. शिवाय गेल्या चाळीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की तोंड बदलल्याने माझं काही बिघडत नाही. पण त्या दिवशी वस्तऱ्याखाली माझी घाटी वरखाली झाली. रामलालने हात उचलला, आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, तुम्ही तं यातले मानूस. खरं असंन का हे?"

यातले माणूस. मला ते आवडलं, कबूल करतो. लोणखेडच्या कापूस बाजारात एकतीस वर्षं मी वांध्याचं रजिस्टर लिहिलं. शेतकऱ्याच्या गाडीवर बोली लागते, सौदा होतो, गाडी जिनिंगच्या दारात जाते आणि तिथे व्यापारी म्हणतो की वरचा कापूस वेगळा, आतला वेगळा. झाला वांधा. मग दोन्ही पक्ष हातवारे करत माझ्या टेबलापाशी. मी नावं लिहायचो, तक्रार लिहायचो, माल कसा आढळला ते लिहायचो. पंच येऊन गाडीत कोपरापर्यंत हात घालायचे, आतला पुंजका ओढायचे, सरकी दाताखाली धरून फोडायचे. कोरडी असली तर कट्ट आवाज येतो, ओली असली तर ती नुसती दबते. जगातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा दातावर विश्वास ठेवणारा आमचा बाजार. आणि सगळं झाल्यावर उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात मी लिहायचो, मिटवणाऱ्याचे नाव. तो रकाना कोणत्या साहेबाने आखला देव जाणे, पण माझा जीव त्याच रकान्यात होता. कॉलेजात राज्यशास्त्र शिकलो तेव्हा मला जगातली भांडणं मिटवायची होती. यवतमाळच्या वसतिगृहात रेडिओ कानाला लावून मी शांततेचे करार ऐकायचो आणि कोणी कोणाचा हात कसा धरला असेल याची कल्पना करत पडायचो. नोकरी लागली लोणखेडला. म्हटलं, चला, भांडणं तर इथेही आहेत.

तर रामलालला मी अर्ध्या गालावर साबण घेऊन सांगायला लागलो. माझा आवाज चढला, बाकावर बसलेले दोघेजण पेपर खाली ठेवून ऐकायला लागले, आणि मला तर असं झालं की किती दिवसांनी कोणी आपल्याला आपल्या कामाचं विचारलं. मी म्हणालो, लढाई मी थांबवली असं कोणी म्हणालं की आधी त्याचं तोंड बघणं सोडून द्यायचं. तोंड म्हणजे गाडीवरचा कापूस, तो पांढराच असतो. हात आत घालायचा. बंदुका कोणत्या तारखेला थांबल्या आणि फोन कोणत्या तारखेला गेला ते पाहायचं. कितीदा फोन मागाहून गेलेला असतो. मग दोन्हीकडचे आधीच किती थकले होते ते पाहायचं. दोन बैल झुंजून झुंजून धापा टाकत उभे राहिले की काठी घेऊन मधे जायला कोणाचीही छाती होते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, तसं कोंबडं आरवलं म्हणूनही काही फुटत नाही; पण कोंबड्याला हे सांगणार कोण? बाकावरचे हसले. रामलाल वस्तरा पुसत म्हणाला, हे सारं समजलं, पन सर्व्यात सोपी खूण सांगा. आणि मी, एखाद्या कसलेल्या वक्त्यासारखा जरा थांबून, म्हणालो, "सर्वात सोपी खूण म्हणजे जे लढत होते त्या दोघांना जाऊन विचारायचं. बाबा रे, तुमचं यानेच मिटवलं का? दोघंही हो म्हणाले तर खरं."

वाक्य संपलं आणि मी आरशात स्वतःकडेच पाहिलं. कारण रविवारी माझा सत्कार होता. त्यासाठीच गुरुवारी कटिंगला आलो होतो, ताजी कटिंग फोटोत बरी दिसत नाही म्हणून. आणि सत्काराच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली छापलं होतं, 'अकरा दिवस बंद पडलेला बाजार एका सकाळी सुरू करणारे, रामसिंग-फुलचंद वांधा मिटवणारे.' ही गोष्ट मी बारा वर्षं सांगत आलो होतो. बारशात, बाराव्यात, बसस्टँडवर, मुलीच्या सासरी. आणि बारा वर्षांत रामसिंगला किंवा फुलचंद शेठला मी एकदाही विचारलं नव्हतं.

रामलालने उरलेला गाल केला. त्याने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बाहेर पडलो तेव्हा ऊन टाळूवर होतं, रस्त्यावर गाड्यांतून उडालेला कापूस नालीत साचला होता आणि मी चालत होतो की पळत होतो, हे मलाच कळत नव्हतं. भीती म्हणाल तर ती होती, पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जास्त मला मजा वाटत होती. बासष्टाव्या वर्षी माणसाला तपासायला काहीतरी मिळावं आणि ते स्वतःच असावं! मी ती सकाळ पुन्हा डोळ्यांपुढे आणली. दोन हजार पाचचा डिसेंबर. त्या साली भाव असा पडला होता की शेतकरी बोलीच्या वेळी आकड्याकडे न बघता जमिनीकडे बघायचे, आणि व्यापारीही बारीकसारीक कारणाने माल नाकारायचे. व्यापारी फुलचंद शेठने रामसिंग राठोडची कापसाची गाडी जिनिंगच्या दारातून परत फिरवली. चारचौघांत म्हणाले, पाणी मारलेला माल आहे. कापसाचं वजन वाढवायला कोणी पाणी शिंपडतो, ही बाजारातली सगळ्यात घाण शिवी. रामसिंगने बैल सोडले, गाडी बाजाराच्या फाटकात आडवी लावली आणि तिच्याखाली घोंगडं अंथरून बसला. त्याच्या बंजारा तांड्याच्या गाड्या त्याच्या मागे लागल्या, त्यांच्यामागे बाकीच्या गावांच्या. व्यापाऱ्यांनी फुलचंद शेठच्या शब्दासाठी खरेदी बंद केली. अकरा दिवस. पोलीस आले, दोन्ही पक्षांचे पुढारी आले, फोटो काढून गेले. आणि बाराव्या सकाळी, दव पडलेलं, हातपाय गारठलेले, मी एकटा गेलो. रामसिंगच्या गाडीपाशी उकिडवा बसलो आणि बोललो. काय बोललो नाही! शेजाऱ्याचं नातं, भांडणात कोणी जिंकत नाही, दोन मोठे देशसुद्धा एका टेबलावर बसतात, मग आपण तर एका चहाच्या टपरीवरचे. बोलता बोलता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. रामसिंग मान खाली घालून ऐकत होता. माझं संपलं तसा तो उठला, बैल जुंपले, आणि गाडी फाटकातून निघाली. रजिस्टरवर त्याचा अंगठा घेतला. त्याच दुपारी पेपरचा बातमीदार आला. शेवटच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, आणि ते लिहिताना पेन जरा जोरातच दाबलं गेलं असावं, कारण मागच्या पानावर ते उमटलं आहे.

हे मला माहीत आहे, कारण ते रजिस्टर माझ्या घरी आहे. जुनी रजिस्टरं रद्दीत निघाली तेव्हा मी एवढं एक मागून घेतलं. घरी आल्या आल्या कपाट उघडलं, ते काढलं, पान काढलं, माझं नाव पाहिलं, मागून बोट फिरवून उमटलेली अक्षरं पाहिली. बाकीचं पान वाचलं नाही. बारा वर्षांत ते पान मी शंभरदा उघडलं असेल, पण डोळे सरळ उजवीकडे जायचे. बायको, नलू, दारात उभी होती. रविवारसाठी माझा नेहरूशर्ट तिने इस्त्री करून आणला होता. मी तिला विचारलं की रामसिंग हल्ली कुठे असतो. ती म्हणाली की तांड्यातच असेल, पण इकडे दिसत नाही, त्याची मोठी बहीण मैनाबाई दारव्ह्याच्या बाजारात मिरच्या घेऊन बसते, मागे एकदा तिच्याकडून दोन किलो घेतल्या होत्या. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाले झालं काय? अंगात आल्यासारखे करून राह्यले सकाळपासून." मी म्हणालो, उद्या दारव्ह्याला जातो. ती म्हणाली, जा, पण मिरच्या नका आणू, आहेत.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याचा बाजार होता. काळीपिवळी जीपमध्ये मी मधल्या रांगेत चौथा बसलो, एक मांडी माझी आणि एक कोणाची तरी. दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, पण यंदा बोंडअळीने असा पोखरला होता की बोंडं उघडण्याऐवजी दातखीळ बसल्यासारखी मिटून राहिली होती. मला मात्र त्या दिवशी कशाचंच दुःख होईना. छातीत नुसता ढोल. मी मनातल्या मनात माझी कात्रणांची फाइल चाळत होतो. निवृत्तीनंतर मी जगातल्या मिटलेल्या भांडणांची कात्रणं ठेवतो, घरचे त्याला वामनरावांची कोर्टकचेरी म्हणतात. कोणी म्हणालं मी सात लढाया थांबवल्या, तर मी सातही शोधतो. त्यातली एक मुळात लागलेलीच नसते, दुसरी दोन महिन्यांनी पुन्हा पेटते, तिसरीत दोन पक्षांपैकी एक म्हणतो आमचं आम्हीच मिटवलं आणि दुसरा गप्प बसतो. गप्प बसणारा का गप्प बसतो यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्याला उपकारकर्त्याला दुखवायचं नसतं, असा माझा सिद्धांत. आणि तो आठवताच मला रामसिंगची खाली घातलेली मान आठवली. मी जीपमध्येच मोठ्याने 'अरे' म्हणालो. शेजारच्या बाईला वाटलं की माझा थांबा गेला.

मैनाबाई सापडली. सत्तरीची असेल, अंगावर तांड्याची आरशांनी भरलेली कांचोळी, म्हणजे चोळी, नाही, साधं लुगडं, पण हातात हाडाच्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या. तिने मला लगेच ओळखलं, पोतं झटकून बसायला दिलं, शेजारणीला हाक मारून चहा सांगितला. मी म्हणालो, चहा नको, मला एक विचारायचं आहे. ती म्हणाली चहा घेतल्याबिगर विचारू नका. मग मी चहा घेतला, जीभ भाजली, आणि विचारलं. त्या दिवशी रामसिंग उठला तो माझ्या बोलण्यामुळेच ना?

ती हसली नाही, हे तिचे उपकार. मिरच्यांचे देठ खुडत राहिली, आणि सांगितलं. त्या पहाटे, मी जाण्याच्या घटकाभर आधी, ती भावाची भाकर घेऊन गाडीपाशी आली होती. अजून दिसत नव्हतं. फुलचंद शेठ एकटे आले. चपला हातात घेतलेल्या. रामसिंगशी एक शब्द बोलले नाहीत. सदऱ्याची बाही वर केली, गाडीत हात घातला, कोपरापर्यंत, त्याच्याही वर, आणि आतला पुंजका ओढून सरकी दाताखाली धरली. "कट्ट वाजली," मैनाबाई म्हणाली. "दुसरी घेतली. थेही वाजली. मंग शेठ तिथंच उभा राह्यला. म्हने, बाई, चुकलं माह्यं. गाडी घेऊन या, पन हे कोनाले सांगू नका. साऱ्या व्यापाऱ्यांनं माह्या जिभेसाठी दुकान बंद ठेवलं. म्या म्हनलं, नाही सांगत. बैलाची आन घेतली. आज तुम्हीच विचाराले आले म्हनून फक्त तुमाले सांगतलं."

मला काय वाटलं ते सांगतो. लाज वाटायला हवी होती, ती नंतर आली. आधी मला हर्ष झाला. सापडलं! हात आत गेला आणि खरा कापूस हाताला लागला. त्या पुढाऱ्याच्या फोनचं असंच असणार, त्याच्या आधी कोणीतरी चपला हातात घेऊन गेलेलं असणार, मी म्हणत होतो ते अगदी बरोबर होतं! आणि मग कळलं की या गोष्टीतला फोन मीच आहे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा मीच. मी विचारलं, मग रामसिंगने माझं एवढं ऐकून का घेतलं? तो तर उठणारच होता. मैनाबाईने देठ बाजूला टाकला. "तुमचं चालू होतं ना, बाबूजी. तुम्ही रडत होते. मानूस रडून बोलून राह्यला तं मधातून उठावं कसं?"

मी हसलो. काय करणार? मग तिलाही हसू आलं, आणि आम्ही दोन म्हातारी माणसं त्या मिरच्यांच्या ढिगापाशी डोळे पुसत हसलो. मला इतकं हलकं वाटलं की मी म्हणालो, मैनाबाई, रविवारी माझा सत्कार आहे, तिथे मी माझं नाव खोडतो. शेवटच्या रकान्यातलं. ती म्हणाली, खोडा नाहीतर ठेवा, आमाले कायचं त्याचं. आणि मग ज्या आवाजात तिने विचारलं तो आवाज मी विसरणार नाही, कारण त्यात राग नव्हता. "त्या वहीत आमचा माल ओला लिवला हाय. थो अजून तसाच हाय का?"

मला समजेना. मग समजलं. हंगामात दिवसाला चाळीस वांधे यायचे. पंच येईपर्यंत रांग वाढू नये म्हणून मी 'माल कसा आढळला' हा रकाना व्यापाऱ्याच्या तोंडून आधीच भरून ठेवायचो. पंच यायचे, हात घालायचे, दहातल्या नऊ वेळा तेच निघायचं, निघालं नाही तर मी खोडायचो. सगळ्यांना माहीत होतं, कोणाची हरकत नव्हती, काम भराभर व्हायचं. त्या दिवशी फुलचंद शेठ म्हणाले ओला, मी लिहिलं ओला. पंच आलेच नाहीत, कारण गाडी आडवी लागली आणि बाजार बंद झाला. आणि बाराव्या सकाळी, रडून, नाक पुसून, मी तीच नोंद नियमाप्रमाणे रामसिंगला वाचून दाखवली, माल ओला आढळला, आणि त्याखाली त्याचा अंगठा घेतला. त्याचाच अंगठा. बहिणीने आन घेतलेली, तो काय बोलणार! मैनाबाईने पुढे सांगितलं, हमालांनी तेव्हापासून त्याला पानीवाला म्हणायला सुरुवात केली; भांडण झालं की म्हणायचे, तुनंच तं अंगठा देल्ला. म्हणून तो लोणखेडला येत नाही. घराजवळचा बाजार सोडून बारा वर्षं तो कापूस दारव्ह्याला आणतो. मी बारा वर्षं सांगत फिरलो की वांधा मिटला, आणि वांधा दर हंगामात दोन तास बैलगाडीत बसून दुसऱ्या गावाला जात होता.

दारव्ह्याच्याच जिनिंगच्या रांगेत रामसिंग भेटला. केस पांढरे झालेले, आवाज तोच खालचा. मी हात जोडले. तो गडबडला, माझे हात खाली केले, बसा म्हणाला, बैलाला बाजूला सारून मला सावली करून दिली. रविवारी येतोस का विचारलं. म्हणाला, मी कायले येऊ, मैनाले पाठवतो. मग बैलाच्या मानेवरून हात फिरवत तो म्हणाला, "पोरगा विचारते, बाबूजी. म्हने बा, तू खरंच पानी मारलतं का?" एवढंच. बाकी तो पावसाबद्दल बोलला.

शनिवारचा दिवस मी कसा काढला ते नलूला विचारा. खोडायचं ठरलं होतं, त्यात अडचण नव्हती. पण ओलाच्या जागी कोरडा लिहायचं तर कोणी विचारणार, तुम्हाला कसं कळलं? आणि मग फुलचंद शेठची ती पहाट सांगावी लागणार. मैनाबाईने बैलाची आन घेऊन बारा वर्षं जपलेली. शेठ आता ऐंशीचे, सत्काराचे अध्यक्ष तेच. शाल तेच घालणार. एका माणसाची अब्रू धुवायची तर दुसऱ्याची ओली होते. मोठ्या देशांचंही असंच होत असणार, मी मनात म्हटलं, खरं काय घडलं ते कोणाच्या तरी लाजेखाली दबलेलं असतं, म्हणून तर फोनवाल्यांचं फावतं. मी शेठच्या वाड्यावरून तीनदा गेलो. तिन्ही वेळा ओसरीवर ते बसले होते, तिन्ही वेळा मी हात उंचावून नमस्कार केला, तिन्ही वेळा त्यांनी केला. चौथ्यांदा गेलो असतो तर त्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं. घरी येऊन मी मैनाबाईची आन आणि रामसिंगचा पोरगा एका तराजूत घालून पाहिले. झोपताना नलू म्हणाली, भाषण पाठ नाही होत का? मी म्हटलं, हो, तेच.

रविवारी सकाळी दहा वाजता समाज मंदिरात दीडेकशे माणसं होती. सूत्रसंचालन करणारा अर्पितेचा नवरा बंटी, म्हणजे आमचा जावई, आवाज त्याचा मोठा. मैनाबाई तिसऱ्या रांगेत, लुगड्याचा पदर घट्ट. रजिस्टर माझ्या मांडीवर. का कोण जाणे, मला लग्नात उभं राहिल्यासारखं वाटत होतं, सगळं अंग जागं. नाव पुकारलं. फुलचंद शेठ काठी टेकत उठले, शाल उलगडली, माझ्या खांद्यावर घालायला पुढे झुकले, त्यांचा कान माझ्या तोंडाजवळ आला. तेवढाच वेळ होता. मी म्हणालो, शेठजी, समोर मैनाबाई बसल्या आहेत. रजिस्टरात रामसिंगचा माल अजून ओला लिहिलेला आहे. तुम्ही म्हणाल तर मी बोलतो, नाहीतर नाही.

शाल अर्धी माझ्या खांद्यावर आणि अर्धी त्यांच्या हातात. फोटोवाला म्हणाला, शेठजी, इकडे बघा. शेठ तिसऱ्या रांगेकडे बघत होते. मग त्यांनी शाल सोडून दिली, ती घसरली, आणि ते माइकपाशी गेले. काठी टेबलाला टेकवली. लोक चुळबुळले. शेठनी उजव्या बाहीचं बटण काढलं, त्याला वेळ लागला, आणि बाही वर सारत गेले, मनगट, मग सुरकुतलेला गोरा हात, मग कोपर. हात लोकांना दाखवला. "ये हात," ते म्हणाले. "ये हात मैंने रामसिंगच्या गाडीत घातला होता. पहाटे, चोरासारखा. माल कोरडा होता, एकदम कोरडा. दात गेले माझे आता, पण तो आवाज कानात आहे." आणि खाली बघून, "मी खोटं बोललो होतो. आणि खरं बोलायला बारा साल लावले."

कोणी टाळी वाजवली नाही. मैनाबाई उठून मंचापाशी आली, पायऱ्या चढली नाही, मला खालूनच म्हणाली, लिवा. मी मांडीवर रजिस्टर उघडलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा पानाच्या मधोमध पाहिलं. माझंच अक्षर होतं, घाईचं. ओला खोडलं, वर कोरडा लिहिलं, तारीख घातली. शेठना पेन दिलं, त्यांनी सही केली, उघड्या हाताने. मैनाबाईने रजिस्टर तिच्याकडे ओढलं, वाचता येत नसल्याने मला विचारलं कोनतं, मी बोट ठेवलं, तिने माझं बोट बाजूला करून आपलं ठेवलं. रामसिंगच्या अंगठ्याच्या जरा वर. तिथे ते तिने बराच वेळ ठेवलं.

आणि तेवढ्यात बंटीने माइक घेतला. पोराचं मन भरून आलं होतं, त्याला दोष नाही. म्हणाला, मित्रहो, बारा वर्षांनी, आज या मंचावर, तुमच्या साक्षीने, वामनरावांनी हा वांधा पुन्हा एकदा, आणि आता कायमचा, मिटवला आहे! लोक उभे राहिले. टाळ्या अशा पडल्या की पत्रे वाजले. रामलाल शेवटच्या रांगेत डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होता, नलू पदराने डोळे पुसत होती. आणि मी खोटं बोलणार नाही, मला ते गोड लागलं. पायाच्या अंगठ्यापासून गोड लागलं. असंही वाटलं, की कानात तर मीच सांगितलं ना, मग थोडं माझंही नाही का? तो पुढारी का हसत होता ते मला त्या क्षणी अगदी आतून कळलं.

मैनाबाईचं बोट अजून पानावरच होतं. त्याच्या उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात माझं नाव होतं. मी टाळ्या चालू असतानाच ते खोडलं. संपेपर्यंत थांबलो असतो तर खोडलं नसतं.